आम्ही न पाहिलेले शेवट

शिवणवर्गात चिंध्या कुणी मुद्दाम साठवत नाही. कापड बेतलं, कापलं, की उरलेलं कोपऱ्यात जाऊन पडतं. वर्षाअखेरी बघावं तर पोतंभर. आमच्या वर्गातले किस्सेही तसेच साठले. आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे शिवणाचे नाहीतच. पिक्चरचे आहेत.

माझं माहेर सांगलीचं, विश्रामबागेतलं. मॅट्रिक झाले आणि लग्न होऊन वाई-सातारा रस्त्यावरच्या या गावात आले. महिला मंडळानं शाळेच्या मागच्या खोलीत चार मशीनं मांडून दिली आणि मला शिकवायला बसवलं. तेव्हापासून मी गावाची ‘बाई’ झाले, ती आजतागायत. ही गोष्ट सत्तर-बाहत्तर सालातली.

साताऱ्याच्या एका थिएटरात दर बुधवारी दुपारी तीनला फक्त बायकांसाठी खेळ असायचा. महिन्यातून एकदा आम्ही आठ जणी जायचो. दीडच्या एसटीनं निघायचं, सव्वादोनला पोचायचं. परतीची गाडी पावणेसहाची. त्यानंतरची आठला, आणि ती बायकांनी धरायची नाही असा गावाचा नियम. थिएटरपासून स्टँड पंधरा मिनिटांवर. म्हणजे पाच पंचविसाला उठायचंच, पडद्यावर काहीही चाललेलं असो.

पिक्चर सुटायचा सहाला. आता हिशेब करा. तीन वर्षांत आम्ही तीसेक पिक्चर पाहिले आणि एकाचाही शेवट पाहिला नाही.

पारूआक्का आमच्यात सगळ्यात वडील. उसाची बागायत, चार सुना, आणि जिभेला कायम धार. ती म्हणायची, “शेवटाला काय नसतंय गं. समदी एका रांगत हुबी ऱ्हात्यात, फोटो काढायला हुबी केल्यागत. त्याच्यासाठी गाडी चुकवायची व्हय?”

*

पहिला किस्सा तिचाच.

पिक्चरमध्ये एक गाणं लागलं. नायिका हिरव्यागार जोंधळ्यातून पळतेय, मागनं नायक. दोघं कधी डावीकडून आत शिरतात, कधी उजवीकडून बाहेर येतात. सगळं थिएटर गाण्यात रंगलेलं. आणि पारूआक्का उठून उभी.

“आगं ए भवाने! पोटऱ्यात आलेला जोंधळा हाय त्यो!”

मागची सातारकर बाई म्हणाली, “मावशी, बसा हो खाली. गाणं चाललंय.”

“गाणं बांधावर म्हणावं की तिनं. कणसं निसवायच्या टायमाला कोण रानात नाचतंय?”

मी पदर ओढून तिला बसवलं. पुढचे दोन तास तिला गोष्ट काही कळली नाही. नायिकेचा बाप मेला, घर जळालं, ती शहरात गेली, पारूआक्काचा जीव त्या रानातच. मध्यंतरात सगळ्या नायिकेच्या नशिबाबद्दल हळहळत होत्या. ही म्हणाली, “तिचं नशीब ऱ्हाऊ द्या. ज्याचं रान हुतं त्याला कुणी इचारलं तरी का?”

*

मी सगळ्यांना हसते असं वाटायला नको, म्हणून माझाही सांगते.

एका पिक्चरमध्ये विधवा आई कंदिलाच्या उजेडात मशीनवर कपडे शिवून मुलाला शिकवते. फार गाजलेला प्रसंग. आजूबाजूला नाक ओढल्याचे आवाज येत होते. मलाही भरून आलं होतं. एवढ्यात कॅमेरा तिच्या हातांवर आला, आणि माझे डोळे जागच्या जागी कोरडे झाले.

सुईत दोराच नव्हता. बरं, कापड दाबून धरणारी पट्टीही वरच उचललेली. ती माउली जोरजोरानं मशीन चालवतेय, वरून अश्रू गाळतेय आणि शिवलं जातंय काहीच नाही.

 माझ्या शिकवणीचा परिणाम बघा. आमच्या रांगेतून एकेक आवाज यायला लागला. “बाई, दोरा न्हाई.” “बाई, पट्टी बी वर हाय.” “असं शिवून पोरगं मॅट्रिक तरी हुईल का?”

फक्त तारा रडत होती. तारा म्हणजे आमच्यातली सगळ्यात लहान, वीस-एकवीसची. नवरा मिलिटरीत, घरात ती आणि सासू. ती डोळे पुसत म्हणाली, “आसू द्या वो बाई. मनात शिवत आसंल.”

*

शेवंताचं घराणं माणदेशातलं, मेंढपाळांचं. गेल्या पिढीत आमच्या गावाच्या माळावर येऊन स्थिरावलेलं. ती मोजकं बोलायची. पण नजर अशी, की वर्गात हरवलेली सुई तिलाच सापडायची.

एका पिक्चरमध्ये आई आणि मुलाची ताटातूट झाली. माळरानावर आई धावतेय, हाका मारतेय, मध्ये मेंढरांचा कळप आडवा येतोय, आणि तेवढ्यात मुलगा दिसेनासा होतोय. सगळ्या हुंदके देत होत्या. आणि शेवंता खुदकन हसली.

“का गं?” मी दबक्या आवाजात विचारलं.

“तीच मेंढरं, बाई. मगाशी डावीकडनं उजवीकडं गेली, आता उजवीकडनं डावीकडं आली. ती फुडं काळ्या तोंडाची हाय न्हवं, तिचा कान फाटलाय बगा. तिसऱ्यांदा आली ती.”

बाहेर पडताना ताराला राहवेना. ती शेंगा घ्यायला बाहेर थांबली होती, सुरुवातीचं तिचं हुकलं होतं. “शेवंतावैनी, त्या पोराच्या अंगात कसला सदरा हुता? आईनं वळखलं कशावरनं?”

“आई काय म्या बघितली न्हाई,” शेवंता म्हणाली. “मेंढरं सव्वीस हुती.”

*

एकदा पोस्टरवर नवरा-नवरी होती, मुंडावळ्या बांधलेली. पारूआक्कानं ते पोस्टर आदल्या खेपेला एसटीतून पाहून ठेवलेलं. म्हणून ती येताना कमरेच्या पिशवीत अक्षता घेऊन आली. घरच्याच तांदळाच्या, कुंकू लावलेल्या. मला पत्ता नाही.

पडद्यावर मंगलाष्टकं सुरू झाली. पारूआक्कानं आमच्या प्रत्येकीच्या हातावर चिमूटभर अक्षता ठेवल्या. पुढच्या रांगेतल्या दोघींनी मागून घेतल्या. ‘सावधान’ म्हटलं की टाकायच्या, असं करत करत शेवटच्या कडव्याला सगळ्यांनी उभं राहून टाकल्या. पुढच्या बायकांच्या अंबाड्यांत तांदूळच तांदूळ. डोअरकीपर बॅटरी घेऊन धावत आला.

आणि नेमकं तेव्हाच मांडवाच्या दारात नायक उभा. लग्न थांबवा, हा मुलगा खोटारडा आहे, याची पहिली बायको जिवंत आहे, वगैरे वगैरे. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. नायिकेनं हार काढून फेकला.

पारूआक्का हात झटकत खाली बसली. “आता वरडून काय उपेग, लेकरा? अक्षता पडल्या. लगीन लागलं.”

तिनं तो पिक्चर पुढं पाहिला, पण मन लावून नाही. नायक-नायिका तळ्याकाठी भेटली की तोंड वळवायची. म्हणायची, “लोकाची बायकू हाय ती.”

*

शेवट पाहिलेला नसला, तरी घरी सांगायला काहीतरी लागतंच. मग पावणेसहाच्या गाडीत बसलं की शेवट रचायचं काम सुरू. मी त्यात कधी भाग घेतला नाही. जे पाहिलं नाही ते सांगायचं नाही, असं मला माझ्या वडिलांनी लावलेलं वळण. पण ऐकायला मजा यायची.

पारूआक्काच्या शेवटात सासू नेहमी सुधारायची आणि सून नेहमी पाया पडायची. शेवंताचा नायक सगळं सोडून डोंगराकडं निघून जायचा. एकदा कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला आणि म्हणाला, “आवं आक्का, मागच्या सीटवर तर नायक मेला. तुमच्यात त्याचं लगीन कसं?”

“मागच्या सीटवरच्यांस्नी काय दिसतंय?” पारूआक्का म्हणाली.

एकाच पिक्चरचे गावात तीन-तीन शेवट चालायचे. पुढं कधीतरी पारूआक्काचे मालक, आप्पा, कारखान्याच्या कामाला साताऱ्याला गेले आणि तोच पिक्चर पूर्ण पाहून आले. घरी येऊन म्हणाले, “तू लय बंडला मारतीस. सासू काय सुधारत न्हाई. तिला पोलीस नेत्यात.”

पारूआक्का भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, “तुमी बघितला त्यो दुसरा आसंल.”

*

आता हा शेवटचा. हा आम्ही वर्गात कधी सांगत नाही.

त्या हिवाळ्यात लढाई झाली. थांबलीसुद्धा. रेडिओवर सांगून झालं, गावात साखर वाटून झाली. आमच्या गावातली बरीच मुलं फौजेत. एकेका घरी पत्र येत गेलं. ‘मी खुशाल आहे’, एवढ्या तीन शब्दांसाठी माणसं पोस्टमनला दारात बसवून चहा पाजायची. ताराच्या घरी पत्र आलं नाही. तारही आली नाही. दोन महिने झाले. सैन्याच्या कचेरीला मीच तिच्यासाठी दोन पत्रं लिहिली होती. उत्तर नव्हतं.

ताराची सासू गावच्या देवाला कौल लावून आली. देवाच्या अंगावर दोन फुलं चिकटवायची, उजवं आधी पडलं तर माणूस सुखरूप, डावं पडलं तर नाही. सकाळपासून दुपारपर्यंत ती समोर बसली. एकही फूल पडलं नाही. गुरव म्हणाला, “म्हातारे, देव आज बोलायचा न्हाई. घरला जा.”

आणि त्याच आठवड्यात साताऱ्याला नवा पिक्चर लागला. पोस्टरवर फौजेच्या वर्दीतला नायक, मागं त्याची बायको दारात उभी. शुक्रवारीच लागलेला, गावातलं अजून कुणी पाहून आलं नव्हतं.

सासूला पिक्चरचा भारी तिटकारा. ताराला पाठवताना दर वेळी तोंड वाकडं करायची. त्या मंगळवारी ती स्वतः वर्गात आली. दारातच उभी राहिली.

“बाई, उद्या हिला घिऊन जावा. त्यो फौजवाला घरला येतुया का न्हाई, त्येवढं हिनं बघून यायचं. देव बोलंना, पिक्चर तरी बोलंल.”

मी म्हटलं, “मावशी, तो खेळ असतो. त्यावर असं काही—”

“सांगितलं न्हवं म्या, देव बोलंना? कौल म्हंजे कौल. ऐकीव चालत न्हाई, डोळ्यांनी बघाय लागतं.”

ती गेली. तारा मशीनवर मान खाली घालून बसली होती. मग म्हणाली, “बाई, शेवट बघाय मिळंल का वो एकदा? म्या बी मनात तसंच धरलंय.”

पावणेसहाची गाडी सोडणं शक्य नव्हतं. रात्रभर विचार करणारी मी नाही, पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तोच विचार. आणि मला मार्ग सुचला. सांगलीत आमच्या शेजारी थिएटरात पिक्चर चालवणारे एक ऑपरेटर राहायचे. खेळाच्या आधी मशीन नीट चालतं का ते बघायला ते रिकाम्या थिएटरात एखादं रीळ लावून बघत, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सव्वादोनला पोचल्याबरोबर मी जिना चढून थेट ऑपरेटरच्या खोलीत गेले. हडकुळा, चष्मा लावलेला माणूस. मी सगळं नीट सांगितलं. म्हटलं, “तपासायला कुठलं तरी रीळ लावणारच ना तुम्ही? मग आज शेवटचं लावा. आम्ही आठच जणी बघतो.”

तो हातातलं फडकं घडी करत राहिला. म्हणाला, “ताई, बघायचंच का?”

“बघायचंच,” मी म्हणाले. मला वाटलं, त्याला मालकाची भीती आहे.

“बसा मग.”

आम्ही मधल्या रांगेत बसलो. दारं अजून उघडी होती, बाहेरचं ऊन आत येत होतं, झाडूवाली मागच्या बाजूला झाडत होती. पडद्यावरचं चित्र त्या उजेडात फिकं दिसत होतं. पण दिसत होतं.

एक अंगण. बायको तुळशीपाशी. बाहेर मिलिटरीची गाडी थांबते. ती हातातला तांब्या ठेवते, पदर सारखा करते, दाराकडं धावते. गाडीतून एक अधिकारी उतरतो. त्याच्या मागून दोन शिपाई एक पत्र्याची ट्रंक उतरवतात. अधिकारी डोक्यावरची टोपी काढतो. ट्रंकेवर नायकाची टोपी ठेवलेली.

मग त्याची म्हातारी आई येते, मग गाव गोळा होतं, मग पदक. त्यातलं मला फारसं आठवत नाही. मी ताराकडं बघायचं टाळत होते. मग पडद्यावर ‘समाप्त’ ही अक्षरं आली. आम्ही ती पहिल्यांदाच पाहत होतो.

झाडूवालीसुद्धा थांबली होती. पारूआक्का, जिला प्रत्येक गोष्टीवर बोलायचं असतं, ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मी ताराच्या खांद्यावर हात ठेवला. “चल. तीनची एक गाडी आहे. आपण घरी जाऊ. चूक माझी झाली.”

ती समोर बघत म्हणाली, “तिकिटं काढल्यात न्हवं, बाई. बघू की.”

तीन वाजता दारं लागली. सातारच्या बायका भरल्या, शेंगा फुटायला लागल्या, आणि पिक्चर सुरू झाला. आणि एसटीतून ट्रंक घेऊन तो उतरला. सुट्टीवर आलेला. आईला उचलून अंगणात गरागरा फिरवतोय, ती त्याला शिव्या देतेय. सगळं थिएटर हसलं. आमची रांग तेवढी गप्प. त्यानं विहिरीत उडी मारली, बायकोची थट्टा केली, मित्राचा बैल शर्यतीत पळवला. मध्यंतरापर्यंत तारा एकदाही हलली नव्हती. मध्यंतरात शेवंतानं तिच्या हातावर शेंगा ठेवल्या. तिनं खाल्ल्या.

मध्यंतरानंतर तो रुजू झाला. बर्फ, तंबू, जोडीदार, चेष्टामस्करी. घड्याळ माझ्या हातात होतं. पाच वीस. पडद्यावर सकाळ झाली होती. तो तंबूबाहेर खुंटीला छोटा आरसा टांगून दाढी करत होता. निम्म्या गालावर साबण. जोडीदारानं काहीतरी म्हटलं आणि तो हसायला लागला, इतका की वस्तरा बाजूला धरावा लागला.

पाच पंचवीस. दर वेळी सगळ्यात शेवटी उठणारी तारा आज आधी उठली.

“चला,” ती म्हणाली. “गाडी हाय.”

आम्ही सातजणी तिच्या मागून निघालो. ती स्टँडपर्यंत एवढ्या झपाझपा चालली, की पारूआक्काला धाप लागली. गाडीत कुणी शेवट रचला नाही. कंडक्टरनं सवयीनं विचारलं, “आज काय झालं वो आक्का?” पारूआक्कानं खिडकीबाहेर तोंड केलं. तो तिकिटं फाडून पुढं गेला.

आमच्या फाट्यावर गाडी थांबली. सासू फाट्यावर उभी होती. ती कधी तिथवर यायची नाही, तिचे गुडघे दुखायचे. हातात काठी, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. ताराकडं तिनं पाहिलंच नाही, सरळ माझ्यासमोर आली.

“बाई, तुमी लिहिनाऱ्या-वाचनाऱ्या. तुमी खोटं बोलायच्या न्हाई. सांगा. काय झालं त्येचं?”

 बाकीच्या सहाजणी रस्त्याच्या कडेला उभ्या, एकही पुढं येईना. गाडी निघून गेली, धुरळा खाली बसला, तरी म्हातारी माझ्या तोंडाकडं बघत उभीच.

तारा माझ्या मागून पुढं आली. तिनं सासूच्या हातातली काठी स्वतःच्या हातात घेतली आणि तिचा हात आपल्या खांद्यावर ठेवला.

“आमी उठलो तवा जिता हुता, आत्याबाई. आरशात बघून दाढी करत हुता. लय हसत हुता.”